हरकत

जाळी उतरवायला माणसं आली तेव्हा शशिधर मोहरीर वरच्या बेडरूममध्ये बायकोच्या गळ्याशी नॅपकिन खोचत होता. पॉरिजची वाटी ट्रेवर होती, चमचा तिच्या डाव्या हातात द्यायचा होता, आणि तेवढ्यात बागेच्या कुंपणापलीकडे, कॉलेजच्या मैदानावर, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. एकदा, मग पुन्हा. सुहासिनीने मान वळवली. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली, आणि तेव्हापासून तिची खुर्ची याच खिडकीशी होती. बाहेर पिवळी जाकिटं घातलेले दोन जण शिडीवर चढले होते. चार उंच खांबांना बांधलेली बेसबॉलची जाळी एका बाजूने सुटली होती आणि ओल्या गवतावर ढीग होऊन पडत होती. सुहासिनी बघत राहिली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो." तिच्याकडे उरलेल्या दहाबारा शब्दांतला हा एक. त्यात तहान असायची, उशी सरकली हे असायचं, फोन वाजतोय हे असायचं. यातलं कोणतं हे आता त्याला आवाजाच्या चढउतारावरून कळायचं. या वेळचं कळायला तर काहीच कठीण नव्हतं. "जुनी झाली असेल," तो म्हणाला. "नवीन लावणार असतील." आणि चमचा तिच्या हातात दिला. तिने तो घेतला नाही. चमचा ट्रेवर पडला, पॉरिजचा एक थेंब त्याच्या बाहीवर उडाला, आणि तो पुसता पुसता शशिधरच्या लक्षात आलं की खोटं बोलताना आपण साधा आवंढासुद्धा गिळला नाही.

जानेवारीपासून तो असंच बोलत आला होता. आधी थंडी होती. मग कॉलेजला सुट्टी होती. मग परीक्षा होत्या. मैदान रिकामं का, मुलं का येत नाहीत, हे तिला नीट विचारता येत नव्हतं. ती खिडकीच्या काचेवर बोट ठेवायची आणि "कुठे?" म्हणायची, आणि तो हवं ते उत्तर द्यायचा. न बोलणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं; चाळीस वर्षं म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर म्हणून काम करूनही माहीत नव्हतं. ती उलट प्रश्न करू शकत नव्हती. ती फक्त बघायची. आणि वाचा गेली तरी समज पूर्ण शाबूत आहे हे स्पीच थेरपिस्टच्या आधी त्याने स्वतः, तिच्या उशाशी बसून, पहिल्या आठवड्यातच तपासून घेतलं होतं.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरापासून वीस मिनिटांवरचं हे छोटं गाव, आणि त्यात हा बारा घरांचा क्लोज, पुढे बंद होणारी गल्ली. एक्याण्णव साली त्याने घर घेतलं तेव्हा मागे कॉलेजचं हॉकीचं मैदान होतं, आणि पुढे काही वर्षांनी हॉकीही बंद पडून नुसतं गवत राहिलं. मग गेल्या वर्षीच्या वसंतात एका शनिवारी पंधरावीस मुलंमुली आली, चुन्याच्या रेघा मारल्या, लाल माती आणून मधोमध एक उंचवटा केला, आणि मोहरीरांच्या कुंपणापासून तीस पावलांवर एक पांढरी पाचकोनी पाटी जमिनीत बसवली. कॉलेजने वर्षभराची तात्पुरती परवानगी काढून जाळी उभी केली, म्हणजे चेंडू घरांवर येऊ नयेत. सुहासिनीची खिडकी बरोबर फलंदाजाच्या पाठीमागे आली. जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये यासाठी लोक जादा पैसे मोजतात, असं त्याचा जावई म्हणाला होता. ईलिंगहून वरदा आणि तो आले होते त्या रविवारी, वरदा आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती आणि खाली येऊन म्हणाली होती, "बाबा, आई हसतेय. तुम्ही पाहिलंत का? शी इज ॲक्च्युअली लाफिंग." त्याने पाहिलं होतं. तोंडाची डावी बाजू वर जायची, उजवी जागच्या जागी राहायची, आणि घशातून एक खरखरीत आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला वाटलं होतं, ठसका लागला.

मग सप्टेंबरात कॉलेजचा मोठा अर्ज आला. तीनशे माणसांची स्टँड, सहा फ्लडलाइट्स, स्कोअरबोर्ड, जाळीच्या जागी आणखी उंच जाळी. लहानसंच, पण रीतसर स्टेडियम. क्लोजमध्ये पत्रकं फिरली. आणि एका संध्याकाळी समोरचा ग्रॅहम दारात उभा राहिला. अकाउंटंट म्हणून रिटायर झालेला, गुलाब लावणारा, ख्रिसमसला न चुकता कार्ड टाकणारा ग्रॅहम. तीस वर्षांत तो मोहरीरांच्या हॉलपर्यंत दोनदा आला होता. एकदा चुकून आलेलं पार्सल द्यायला आणि एकदा गॅसचा वास येतोय म्हणून. त्या दिवशी तो सोफ्यावर बसला, चहा घेतला, सुहासिनी कशी आहे विचारलं, आणि 'डॉक्टर' म्हणायचं सोडून 'शशी' म्हणाला. "शशी, आमच्या सगळ्यांची पत्रं म्हणजे तक्रारखोर म्हाताऱ्यांची पत्रं. पार्किंग, आवाज, उजेड. कौन्सिल ती बाजूला ठेवून देते. पण तू डॉक्टर आहेस. आणि तुझ्या घरात पेशंट आहे." तो एवढंच बोलला. काय लिही ते सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी शशिधरला ग्रॅहमच्या घरी बोलावणं आलं. सहाजण होते, वाइन होती, चीज होतं, भिंतीवर ग्रॅहमच्या आजोबांचा फोटो होता, आणि तीस वर्षं रस्त्यापलीकडून दिसणारी ती पिवळ्या शेडची दिवाणखान्यातली बत्ती आता त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर होती. कुणीतरी त्याला खुर्ची पुढे केली. कुणीतरी म्हणालं, आपण इतकी वर्षं हे का केलं नाही! सगळे हसले. तोही हसला. घरी परतताना तो रस्ता ओलांडायला जरा वेळ थांबला, गाडी एकही येत नव्हती तरी, कारण कुणी खिडकीतून पाहत असेल तर त्याने आपल्याला तिथून निघताना पाहावं असं त्याला वाटत होतं. या गोष्टीची त्याला आता जी लाज वाटते ती पत्राच्या लाजेपेक्षा कमी नाही. पत्र निदान एकदाच लिहिलं.

चार नोव्हेंबरला त्याने ते लिहिलं. उत्तम इंग्रजीत, एका पानात, खाली सगळ्या पदव्या. 'माझी पत्नी पक्षाघाताने अपंग आहे. मैदानावर खेळ सुरू होताच तिचा निरोगी हात अस्वस्थपणे हलू लागतो. बोटांच्या या हालचाली खेळ संपेपर्यंत थांबत नाहीत. चार दशकं वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर या नात्याने मी हे मानसिक त्रासाचं लक्षण मानतो.' शेवटच्या वाक्यात त्याने आधी 'असू शकेल' असं लिहिलं होतं. मग ते काढलं. वाक्य ढिलं वाटत होतं म्हणून काढलं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी ती मुलगी दारात आली. हातात शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा आणि काही कागद, पायांत मातीने भरलेले बूट, डोक्यावर क्लबची टोपी. इंग्रजीत सुरुवात केली, मग दाराशेजारची पाटी वाचून एकदम थबकली. "मोहरीर? तुमचा नाव मराठी आहे ना? मी मायरा. माझा आजी ठाण्याची आहे. म्हणजे, माझी आजी." तिचा चेहरा उजळला होता. ती टीमची कॅप्टन होती, लोकांना भेटून सांगत होती की लाइट्स नऊला बंद करू, स्टँड लहान करू, शेजाऱ्यांना जे नको ते बदलू. "वरती विंडोमध्ये आजी बसते ना, ती आम्हाला वेव्ह करते. आम्ही सगळे तिला वेव्ह करतो. तिला भेटू शकते का मी? टू मिनिट्स?" आणि शशिधर मोहरीर, ज्याने महाराष्ट्र मंडळात वीस वर्षं दिवाळी अंकाचं संपादन केलं, शुद्धलेखनावरून लोकांशी वाद घातले, तो त्या मुलीला इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम अफ्रेड माय वाइफ इज रेस्टिंग." तिने डबा पुढे केला. तो घेतला, आभार मानले, दार लावलं. वरून आवाज आला, "कोण?" जिन्याच्या तळाशी उभं राहून तो म्हणाला, "कुणी नाही गं. लीफलेटवाले." शॉर्टब्रेड त्याने तिला चहाबरोबर दिलं. तिला आवडलं. तिने आणखी एक मागून घेतलं.

जानेवारीत प्लॅनिंग कमिटीची मीटिंग झाली. बोलायला प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. ग्रॅहमने आपली मिनिटं त्याला दिली, आणि शशिधरने ती नीट वापरली. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे त्याला रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलून बोलून येत होतं. समोरच्या दोन बायकांनी माना हलवल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "थँक यू, डॉक्टर. इट मस्ट बी व्हेरी हार्ड." मग मायरा उठली. तिच्या हातात टाइप केलेले दोन कागद होते. पहिली दोन वाक्यं तिने वाचली, मग कागद खाली केले. ती म्हणाली, मला मिसेस मोहरीरांना सॉरी म्हणायचंय. आम्हाला वाटायचं त्यांना आमचा खेळ आवडतो. आम्ही हात हलवायचो, त्याही हात हलवायच्या. तो त्रास होता हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही हसत होतो. "आय ॲम रिअली सॉरी," ती म्हणाली, आणि शशिधरकडे वळून पुन्हा म्हणाली. तिचा निम्मा वेळ शिल्लक होता, तरी ती बसली. त्या क्षणी उठता आलं असतं. नियमात बसलं नसतं, पण उठता आलं असतं. शशिधर हातातल्या अजेंड्याकडे बघत राहिला. पान सहा, विषय चार, एका घराच्या मागे काचेची खोली बांधण्याचा अर्ज. तो अर्ज त्याने तीनदा वाचला. सात विरुद्ध दोन मतांनी स्टेडियम नामंजूर झालं, आणि तात्पुरती परवानगीही वाढवून मिळाली नाही. एप्रिलअखेर जाळी काढायची, माती काढायची, गवत पूर्ववत करायचं. गाडीत ग्रॅहमने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

आता खाली मैदानात जाळीची दुसरी बाजू सुटली. सुहासिनीने डोळे मिटले नाहीत. पॉरिजवर साय धरली होती. शशिधर तिच्याशेजारी पलंगाच्या कडेवर बसला, आणि जी गोष्ट त्याने इतके महिने पाकिटात बंद करून ठेवावी तशी ठेवली होती ती त्याच्या मनात उघडीच पडली. त्याला माहीत होतं. तो हात कशासाठी हलतो हे पत्र लिहिण्याआधी तीन आठवडे त्याला माहीत होतं. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, दुपारी, तो तिच्याजवळ वही घेऊन बसला होता. हाताची हालचाल झटक्यानंतरची असेल तर औषध बदलावं लागेल, म्हणून रीतसर नोंद करायला. पण हालचाल खेळभर नव्हतीच. गोलंदाज चेंडू टाकायच्या आधी, फक्त तेव्हा, तिचा डावा हात मांडीवर यायचा आणि एक बोट बाहेर निघायचं, किंवा दोन. एक बोट निघालं की चेंडू सरळ, जोरात यायचा. दोन निघाली की हळू यायचा आणि पाटीजवळ खाली पडायचा. शशिधर लिहीत गेला. चौदापैकी अकरा वेळा तिचं बरोबर आलं. खेळात खाली बसून चेंडू झेलणारा असतो, कॅचर, तो गोलंदाजाला बोटांच्या खुणांनी सांगतो, आता कुठला टाक. आणि सुहासिनी अमरावतीला कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमची तीन वर्षं कॅचर होती. "सुहास," त्याने विचारलं होतं, "तू सांगतेस होय त्यांना?" तिने त्याच्याकडे बघितलं. चेहरा डावीकडून वर गेला. "हो," ती म्हणाली, आणि पुन्हा मैदानाकडे वळली, कारण पुढचा चेंडू यायचा होता.

तिला खेळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मुलगी पाहायला गेला तेव्हा चहाचा कप देणाऱ्या तिच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर वाकडं दिसलं, आणि नवाकोरा डॉक्टर असल्यामुळे त्याने विचारलं, हे कसं झालं? ती म्हणाली, पडले होते. लग्नानंतर इंग्लंडला आल्यावर तिने खरं सांगितलं. चेंडू बसला होता, फायनलला, आणि बोट बांधून ती पुढचा सगळा खेळ खेळली होती. वडिलांनी पाहुण्यांना सांगू नको म्हणून बजावलं होतं. तो हसला होता. पुढे कित्येक जेवणांत, कित्येक मंडळींसमोर, 'आमच्या हिला पूर्वी दगडफेकीची सवय होती, मी जपूनच बोलतो' असं म्हणून त्याने लोकांना हसवलं, आणि ती वाढता वाढता हसायची. चौऱ्याऐंशी साली हॉस्पिटलच्या फॅमिली डेला बायकांचा राउंडर्सचा, बेसबॉलसारखाच, खेळ होता. कुणीतरी तिला ओढलं. साडी खोचून ती उभी राहिली आणि एक उंच गेलेला चेंडू धावत, मागे वळून, नुसत्या हातांनी झेलला. टाळ्या पडल्या. त्याचा वरिष्ठ, कन्सल्टंट डॉक्टर, त्याच्या शेजारीच उभा होता, म्हणाला, गुड लॉर्ड, मोहरीर! त्यात कौतुकच होतं. पण शशिधरला तिच्या पोटऱ्या दिसल्या, पिन सुटलेला पदर दिसला, आणि आपल्या बढतीचा कागद त्या माणसाच्या टेबलावर आहे हे आठवलं. गाडीत तो म्हणाला, "एवढं धावायची काही गरज होती का?" तिने खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "नव्हती." पुढच्या वर्षीच्या फॅमिली डेला ती सँडविचेसच्या टेबलामागे होती. त्याच्या पुढच्याही वर्षी. त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याला नाही म्हणावं लागलंच नव्हतं.

तो उठला. "आलो," म्हणाला, आणि जिना उतरून, मागचं दार उघडून, कुंपणाच्या फाटकातून मैदानात गेला. सपाता ओल्या झाल्या. खेळाच्या सामानाच्या शेडपाशी एक व्हॅन उभी होती आणि मायरा त्यात हेल्मेट्स, हातमोजे, बॅटींची पिशवी भरत होती. तिने त्याला ओळखलं. चेहऱ्यावरची नम्रता तिने इतक्या घाईने गोळा केली की त्याला तिच्याकडे बघवेना.

"हाय. आम्ही लगेच जाणार आहे. आवाजाबद्दल सॉरी, दे हॅव टु ड्रिल द..."

"मला बोलायचंय तुझ्याशी," तो मराठीत म्हणाला. "ती माझी बायको आहे ना, वरती. तिचा हात. तो त्रास नव्हता. ती कॅचर होती, कॉलेजमध्ये, इंडियात. ती तुमच्या पिचरला खुणा करत होती. एक बोट, दोन बोटं."

मायराने वर खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सिग्नल्स? ती कॉल करत होती? ओ माय गॉड." हसू येता येता थांबलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आधीच."

"आधी म्हणजे?"

"पत्र लिहायच्या आधी."

पलीकडे ड्रिल सुरू झालं आणि बंद झालं. मायराने हातातलं हेल्मेट व्हॅनमध्ये ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग ठेवलं. "पण मी सॉरी बोलली तुम्हाला," ती म्हणाली. "सगळ्यांच्या समोर. मी घरी जाऊन रडली. मी माझ्या टीमला सांगितलं की आपण एका आजारी बाईला हर्ट केलं. आणि तुम्ही तिथे बसला होता."

"हो."

"व्हाय?"

त्याने उत्तर शोधलं. ग्रॅहमच्या घरातली बत्ती, पुढे केलेली खुर्ची, शशी ही हाक. यातलं काहीही या मोकळ्या मैदानात बोलण्यासारखं नव्हतं. "मला त्यांनी बोलावलं म्हणून," तो शेवटी म्हणाला. तिला ते कळलं नाही, किंवा कळलं.

"तू वर येशील का? तिला भेटायला? त्या दिवशी मी..."

"तुम्ही काय लिहिलं ते तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी नाही येणार. सॉरी. आधी तिला सांगा." मग तिला स्वतःचाच 'सॉरी' ऐकू आला असावा, कारण ती मान हलवून म्हणाली, "नो. नॉट सॉरी," आणि पिशवी उचलायला वळली.

परतताना त्याला मागच्या दाराने जाववेना. तो वळसा घालून क्लोजच्या बाजूने आला. ग्रॅहम गुलाबांना खत घालत होता. "शेवटी शांतता, शशी!" त्याने खुरपं उंचावलं. शशिधर कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, "ग्रॅहम, मी त्या पत्रात खोटं लिहिलं होतं. सुहासिनीला तो खेळ आवडत होता." ग्रॅहमने गुडघ्यावरची माती झटकली. चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना राग. "अरे, आपण सगळ्यांनीच थोडंफार तिखटमीठ लावलं होतं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस." शशिधरला वाटलं होतं की हा माणूस तरी आता आपल्याला तोडून टाकेल. ग्रॅहमने त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

पत्राची प्रत डेस्कच्या खणात होती. ती घेऊन तो वर गेला. आपण वाचून दाखवू, मध्येमध्ये समजावून सांगू, असं त्याने जिन्यात ठरवलं होतं. पण सुहासिनीने हात पुढे केला आणि कागद घेतला. झटक्यानंतर तिला वाचायला फार वेळ लागे. ती एकेका ओळीखाली बोट नेत होती. शशिधर उभा होता. बसावं असं त्याला वाटेना. रेडिएटर टिकटिकत होता. बोट एका ठिकाणी थांबलं, मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवरून हळूहळू पुढे गेलं. तो 'त्रास' हा शब्द होता हे त्याला इथूनही दिसत होतं. मग ते त्याच्या सहीपर्यंत उतरलं, पदव्यांवरून एकेक करत गेलं, शेवटच्या पदवीपर्यंत.

"मला माहीत होतं, सुहास," तो म्हणाला. "माहीत असून लिहिलं."

ती रडेल अशी त्याची तयारी होती. पक्षाघातानंतर रडू लवकर येतं. ती रडली नाही. तिने कागद मांडीवर ठेवला, त्याची घडी घालायचा प्रयत्न केला. एका हाताने जमेना. तो पुढे झाला तेव्हा तिने हात आडवा केला. कागद छातीशी दाबून, हनुवटीने धरून, तिने एकटीने त्याची घडी घातली, वाकडीतिकडी, आणि ती खुर्चीच्या बाजूच्या पिशवीत टाकली. मग म्हणाली, "बाहेर."

तो दाराकडे वळला. "बाहेर," ती पुन्हा म्हणाली आणि खिडकीच्या काचेवर टकटक केलं. तेव्हा त्याला कळलं की आपल्याला हाकललेलं नाही. ती स्वतःला बाहेर न्यायला सांगते आहे. जिन्याच्या लिफ्टवरून तिला खाली आणायला, कोट चढवायला, चाकाच्या खुर्चीत बसवायला वीस मिनिटं लागली. तो सारखा मनात म्हणत होता, व्हॅन गेलेली असू दे, आणि लगेच, नको, असू दे. व्हॅन होती. फाटकापाशी चिखलात चाक अडलं. मायरा धावत आली, आणि सुहासिनीने पिशवीतली घडी काढून तिच्यापुढे धरली. मायराने ती उघडली, वाचली, एकदा शशिधरकडे पाहिलं. मग ती सुहासिनीसमोर उकिडवी बसली, अगदी कॅचर बसतो तशी, म्हणजे दोघींचे डोळे एका उंचीवर आले. "आजी," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला थ्री मॅचेस जिंकून दिला असता. आमचा पिचर फार स्टुपिड आहे." सुहासिनीच्या घशातून तो खरखरीत आवाज निघाला. मायराने खुर्चीचे दांडे धरले, आणि शशिधरने ते सोडले. दोघी आत गेल्या, लाल मातीपर्यंत. खांब उतरवणाऱ्यांपैकी एकाने खुर्ची उचलायला हात दिला. शशिधरला कुणी बोलावलं नाही. तो फाटकाच्या अलीकडे उभा राहिला. वारा उलट दिशेचा होता, काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं.

त्या दुपारी त्याने कौन्सिलला लिहिलं की माझं निवेदन जाणूनबुजून खोटं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं: आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, सदर अर्जाचा निर्णय झालेला असून प्रकरण बंद करण्यात आलं आहे. कॉलेजलाही त्याने लिहिलं. तिकडून काहीच आलं नाही. रात्री तो सुहासिनीचे पाय चोळायचा, गोळ्या द्यायचा, ती त्या घ्यायची. ती त्याच्यावर रागावली आहे असं दिसत नव्हतं. तिने त्याला 'अहो' म्हणणं मात्र सोडलं होतं. काही हवं असलं की ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाने वाजवायची.

मायराचा फोन आला, शुक्रवारी. टीमला बारा मैलांवर एका शाळेचं मैदान मिळालं होतं, दर शनिवारी, दुपारपर्यंत. "आजींना मी पिक अप करते. दहा वाजता. व्हॅनमध्ये व्हीलचेअर राहते, मी मेजर केली."

शनिवारी सकाळी त्याने सुहासिनीला आंघोळ घातली, केस विंचरले, दोन स्वेटर चढवले, थर्मासमध्ये चहा भरला, पाठीमागे उशी दिली. ती भराभर बोटाने दाखवत होती: तो नको, निळा स्कार्फ. दहाला पाच कमी असताना व्हॅन आली. मायराने आणि त्याने मिळून तिला पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, खुर्ची घडी करून मागे ठेवली. मागची एक सीट रिकामी होती, तिच्यावर हातमोजे पडले होते. शशिधर उघड्या दारात वाकून उभा राहिला.

"मीही येऊ का?" त्याने विचारलं.

सुहासिनीने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं, सावकाश, पुरतं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि जिची त्याला भीती होती ती कीवही नव्हती. ज्या माणसाला आपण खूप वर्षं ओळखतो त्याच्याकडे बघावं तसं ती बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

झटक्यानंतर हो आणि नाही यांत तिचा गोंधळ व्हायचा. थेरपिस्टने सांगून ठेवलं होतं की लगेच विश्वास ठेवू नका, पुन्हा विचारा. त्याने पुन्हा विचारलं नाही. स्कार्फचं टोक दारात अडकणार होतं ते आत सारलं, आणि दार हलक्या हाताने लावलं. व्हॅन क्लोजच्या तोंडाशी थांबली, वळली, गेली.

मग तो घराकडे वळला आणि पाहिलं तर वाऱ्याने दार ओढून घेतलं होतं. किल्ली आत, कोटाच्या खिशात. मागचं दार सकाळी त्यानेच आतून लावलं होतं. वरदाला ईलिंगहून यायला दीड तास. आणि फोनही आतच. दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे त्याला लगेच आठवलं. नोव्हेंबरात, पत्र पाठवलं त्याच आठवड्यात, ग्रॅहम म्हणाला होता, शशी, तुझ्या घरची एक किल्ली आमच्याकडे असू दे, या वयात बरं असतं. किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! रस्त्यापलीकडे ग्रॅहमच्या हॉलमध्ये दिवा होता. वीस पावलं होती. शशिधर दाराच्या पायरीवर बसला. दगड गार होता. सपातांतून पायांना गारठा लागत होता, आणि दुपारपर्यंत अजून बराच वेळ होता.

थोड्या वेळाने ग्रॅहमचं दार उघडलं. तो दुधाची बाटली उचलायला वाकला आणि त्याला दिसला. "शशी? अडकलास की काय बाहेर? थांब, किल्ली आणतो."

"नाही," शशिधर म्हणाला. "बसलोय."